सायकलचे पंक्चर टाळण्यासाठी: हवा, काटे, रिम आणि टायरची निगा

महाराष्ट्रातील खेड्यांतून माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलामुलींसाठी सायकल ही हौसेची वस्तू नाही. घरापासून शाळेपर्यंतचे अंतर मुलींचे शिक्षण सुटण्याचे कारण ठरू नये, म्हणून मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील विद्यार्थिनींना सायकली दिल्या जातात. अशी सायकल सकाळी शाळेच्या वाटेवर पंक्चर झाली, तर दुरुस्तीचे दुकान बहुधा बाजाराच्या गावातच असते आणि तिथपर्यंत ती ढकलत नेण्यात शाळेचे पहिले तास बुडतात. हेच वरचेवर घडू लागले की सायकल ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवली जाते. पंक्चर ही किरकोळ बाब मानण्याची आपली सवय अशा वेळी त्या मुलीला फार महाग पडते.

काटेरी मुलखात पंक्चर कायमचे टाळता येईल असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु एकाच सायकलचे पुन्हा पुन्हा होणारे पंक्चर मात्र बहुतेक वेळा टाळता येते, आणि त्यासाठीचे जवळजवळ सगळे काम सायकल घराबाहेर काढण्यापूर्वी करायचे असते. त्याला खर्च थोडा लागतो. लक्ष अधिक लागते. खाली दिलेली माहिती गावातल्या साध्या सायकली डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, तरी शहरातील गिअरच्या सायकलींनाही तिचा बहुतांश भाग तसाच लागू पडतो.

आधी छिद्र कोठे पडले ते पाहावे

उपाय करण्यापूर्वी कारण कळले पाहिजे, आणि पंक्चरचे कारण छिद्राच्या जागेवरून जवळजवळ नेहमी कळते. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात हे सगळेच पाहतात. पण ते छिद्र ट्यूबच्या कोणत्या अंगाला आहे हे पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. दुकानदाराला घाई असते आणि गिऱ्हाईकालाही. ठिगळ लागते, हवा भरली जाते आणि ज्याने छिद्र पाडले ती वस्तू टायरमध्ये तशीच राहते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर झाले की दोष ठिगळाला किंवा ट्यूबला दिला जातो.

म्हणून टायर उतरवण्यापूर्वी व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूने खूण करावी. ट्यूबवर छिद्र सापडले की व्हॉल्व्हपासूनचे त्याचे अंतर वितीने किंवा दोरीने मोजावे आणि खुणेपासून तेवढ्याच अंतरावर टायरचा आतला भाग तपासावा. ट्यूब काढताना ती उलटी धरली गेलेली असू शकते, त्यामुळे हे अंतर खुणेच्या दोन्ही बाजूंना मोजून पाहावे. आत सरळ बोट फिरवू नये, कारण बारीक तार किंवा काच बोटात घुसते. कापसाचा बोळा फिरवला तर लहानसे टोकही धाग्यांना अडकून सापडते.

छिद्र ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला असेल, तर ते काट्याचे, तारेचे, खिळ्याचे किंवा काचेचे काम असते. ते आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल, तर रस्त्याचा त्यात काहीही संबंध नाही. दोष रिममध्ये शोधावा. दोन लहान चिरा शेजारी शेजारी, एकाच रेषेत दिसल्या, तर खड्ड्यात आदळताना ट्यूब टायर आणि रिमच्या कडांमध्ये चिमटली आहे, आणि याचे मूळ कारण कमी हवा हेच असते. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटले असेल, तर टायर रिमवरून सरकला आहे. ट्यूबच्या कुशीला छिद्र असेल, तर टायरची बाजू ब्रेकच्या रबराला घासून तर गेली नाही ना, हे पाहावे. आणि छिद्र कोठेच सापडत नसेल, तर व्हॉल्व्हची रबरी नळी बदलावी. आपल्याकडील साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये हवा अडवून धरण्याचे काम ही छोटी नळीच करते. उन्हाने ती चिकट होते, चिरते आणि हवा हळूहळू निघून जाते. ती अत्यल्प किमतीत मिळते, तरीही तिच्यामुळे बसलेली कित्येक चाके पंक्चर समजून उघडली जातात. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावला आणि बुडबुडा आला, तर टायर उघडण्याचे कारणच उरत नाही.

ज्या घरात किंवा शाळेत अनेक सायकली वापरल्या जातात, तेथे प्रत्येक पंक्चरचे कारण एखाद्या वहीत लिहून ठेवावे, असे मी आग्रहाने सुचवेन. पाच-सहा नोंदी झाल्या की आपल्या वाटेवर खरा त्रास कशाचा आहे हे स्पष्ट होते, आणि मग पैसे व कष्ट योग्य जागी लावता येतात.

हवा

ट्यूबचे रबर कितीही चांगले असले तरी त्यातून हवा अगदी संथपणे झिरपत राहते. चाक बसलेले दिसत नाही, म्हणून हवा पुरेशी आहे असे मानले जाते. पण महिनाभर न पाहिलेल्या सायकलमधील हवा एवढी उतरलेली असते की खड्ड्यात चाक आदळताच रिमची कड ट्यूबला चावते. आठवड्यातून एक वार ठरवून हवा तपासावी. त्यासाठी घरात पायाने दाबून धरण्याचा उभा पंप असणे ही या संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाची खरेदी आहे. नव्या टायरवर, जेलवर किंवा पट्ट्यांवर पैसे घालण्यापूर्वी तो घ्यावा.

किती हवा भरावी हे टायरच्या बाजूवर उठावदार अक्षरांत लिहिलेले असते. तेथे पीएसआयमध्ये, म्हणजे हवेचा दाब मोजण्याच्या एककात, कमाल आकडा किंवा कमाल-किमान आकडे दिलेले असतात. २८ इंची जुन्या धाटणीच्या सायकलला आणि २६ इंची लेडीज सायकलला साधारण ४० ते ५५ पीएसआय, जाड टायरच्या २६ इंची सायकलला ३५ ते ५० आणि ७०० आकाराच्या मध्यम रुंद टायरला ५० ते ७० पीएसआय पुरते. मात्र टायरवरील आकडा आणि हा अंदाज यांत फरक पडला, तर टायरवरील आकडाच मानावा. मागच्या चाकावर अधिक भार असतो, म्हणून मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा ठेवावी. कॅरिअरवर कोणी बसणार असेल किंवा दुधाचे कॅन, धान्याची पिशवी नेहमी न्यायची असेल, तर मागील टायरमधील हवा कमाल आकड्याच्या जवळ असलेली बरी.

साध्या रबरी नळीच्या व्हॉल्व्हमध्ये एक अडचण असते. आत किती हवा आहे हे गेजवर नीट कळत नाही, कारण नळी उघडण्यासाठीच काही दाब खर्ची पडतो आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसतो. अशा वेळी अंगठ्याने दोन्ही बाजू दाबून पाहाव्यात आणि त्यानंतर नेहमीच्या स्वाराला सायकलवर बसवून मागचा टायर जमिनीपाशी किती फुगतो हे बाजूने पाहावे. किंचित फुगवटा यावा. टायर पसरल्यासारखा दिसला तर हवा कमी आहे. पेट्रोल पंपावरील यंत्राने सायकलमध्ये हवा भरताना फार जपावे. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा थोडी असते आणि ते यंत्र काही क्षणांत ती फोडू शकते.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात हवा मुद्दाम कमी ठेवण्याची पद्धत आहे, कारण उन्हात ट्यूब फुटते असा समज आहे. हिशेब करून पाहावा. सकाळी २५ अंश तापमानात ६० पीएसआय हवा भरली आणि दुपारी टायरमधील हवा ५० अंशांपर्यंत तापली, तरी दाब सुमारे ६६ पीएसआयपर्यंत जातो. सुस्थितीतील टायरला एवढी वाढ जड जात नाही. उन्हात फुटणारा टायर बहुधा आधीच कुजलेला, दोरे सोडलेला किंवा रिमवर वाकडा बसवलेला असतो. त्यामुळे हवा कमी करण्याऐवजी कमाल आकड्यापेक्षा पाच-सात पीएसआय खाली थांबावे आणि सायकल सावलीत लावावी. सावलीचा आणखी एक मोठा फायदा आहे. ऊन रबराला चिरवते, आणि चिरलेल्या टायरमध्ये काटा सहज शिरतो.

रुतलेल्या वस्तू

काच किंवा तारेचा तुकडा टायरला लागला की लगेच हवा जाते, असे क्वचितच घडते. तो आधी नक्षीत रुततो. २६ इंची चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४८० वेळा फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यात रस्ता त्या तुकड्याला थोडा थोडा आत दाबतो. काही तुकडे काही दिवसांनी, तर काही काही आठवड्यांनी ट्यूबपर्यंत पोहोचतात. म्हणजे दोष निर्माण होणे आणि पंक्चर होणे यांच्यामध्ये आपल्याला पुरेसा वेळ मिळतो, आणि बहुतेक लोक तो वाया घालवतात.

हवा भरण्याच्या दिवशीच सायकल उलटी करून, उजेडात, चाक हळूहळू फिरवत दोन्ही टायर पाहावेत. रुतलेली काच चमकते; तारेचे टोक गंजाच्या ठिपक्यासारखे दिसते आणि ते ओळखायला सर्वांत अवघड असते. दाभण, जाड सुई किंवा चिमट्याने प्रत्येक तुकडा उकरून काढावा. जड वाहनांचे टायर फुटतात तेव्हा त्यांतील पोलादी तारांचे केसांसारखे तुकडे महामार्गाच्या कडेला विखुरतात, आणि महामार्गावरून शाळेला किंवा कामाला जाणाऱ्यांना याच तारा सर्वाधिक छळतात. अशा वाटेवर पावसाळ्यात ही तपासणी आठवड्यातून दोनदा करावी, कारण ओल्या रबरात काच आणि तार कोरड्या रबरापेक्षा सहज शिरते.

टायरमध्ये एखादी भेग पडली असेल, तर आतून जुन्या टायरचा पातळ तुकडा किंवा जाड कापड चिकटवावे; मात्र भेगेतून आतले दोरे तुटलेले दिसत असतील तर तो टायर बाद समजावा.

बाभूळ आणि सराटा

आपल्या कोरडवाहू भागात पंक्चरची दोन मोठी कारणे झाडांची आहेत आणि दोघांची तऱ्हा वेगळी आहे.

बाभळीचा काटा सरळ, पांढुरका, कधी कधी दोन-तीन इंच लांब असतो. वाळल्यावर तो एवढा टणक होतो की साधा टायर, त्याखालची पट्टी आणि ट्यूब या सगळ्यांतून आरपार जातो. तो झाडावरून आपोआप फारसा पडत नाही. माणसे फांद्या तोडतात तेव्हा तो वाटेवर येतो. उन्हाळ्यात शेळ्यांना शेंगा आणि पाला घालण्यासाठी आकडीने फांद्या पाडल्या जातात. शेताच्या कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या गाडीवाटेवरून ओढत नेल्या जातात, आणि ओढताना काटे मागे गळत राहतात. वेड्या बाभळीचे सरपण नेतानाही हेच होते. त्यामुळे गावात कुंपण घालण्याचे दिवस सुरू झाले की काही आठवडे पांदीऐवजी लांबचा पण डांबरी रस्ता धरणे शहाणपणाचे असते. पांदीतूनच जायचे असेल, तर मधल्या गवताच्या पट्ट्यावरून न जाता बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जावे, कारण तेथील काटे जड चाकांनी आधीच मोडलेले किंवा मातीत दाबलेले असतात. फांद्या ओढत नेणाऱ्या शेतकऱ्याला त्या गाडीवर रचून नेण्याची विनंती करण्यात संकोच वाटून घेऊ नये. त्याच वाटेने त्याचीही मुले अनवाणी किंवा सायकलवर जात असतात.

सराटा, म्हणजे काटे गोखरू, जमिनीला चिकटून पसरतो. पावसाळ्यात त्याला पाच पाकळ्यांची लहान पिवळी फुले येतात आणि त्यानंतर फळ धरते. हे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे कठीण काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादे टोक वर राहते. काटा आखूड असल्याने तो टायरमध्ये बसतो, कधी ट्यूबला केवळ टोचतो, आणि हवा रात्रभरात जाते. सकाळी चाक बसलेले आढळते. एका चाकात असे अनेक काटे एकाच वेळी सापडणे नवलाचे नाही. म्हणून सराट्याचे एक छिद्र सापडल्यावर शोध थांबवू नये. ट्यूब पूर्ण फुगवून सगळी पाण्यातून फिरवावी आणि टायर संपूर्ण आतून-बाहेरून साफ करावा.

या दोघांपैकी सराट्यावर माणसाला पूर्ण मात करता येते, आणि ही गोष्ट फारच थोड्या ठिकाणी केली जाते. सराट्याचा अख्खा पसारा जमिनीत एका मध्यवर्ती मुळावर उभा असतो. श्रावण-भाद्रपदात पिवळी फुले दिसू लागताच, फळ वाळण्यापूर्वी, खुरप्याने ते मूळ मानेपाशी तोडले की सगळी वेल सतरंजीसारखी उचलून येते. शाळेचे मैदान, सायकली लावण्याची जागा, घरासमोरचे अंगण आणि रस्त्यापासून फाटकापर्यंतची वाट एवढी जागा जरी दरवर्षी या महिन्यांत साफ केली, तरी तेथील पंक्चर लक्षणीय कमी होते. दसऱ्यानंतर हेच काम केले तर वेल उपटताना वाळलेले काटे तिथेच गळतात आणि पुढच्या वर्षीचे बी पेरले जाते. उपटलेली वेल उकिरड्यावर टाकू नये, कारण तेथून काटे शेणखतासोबत शेतात आणि वाटेवर परततात. ती एका जागी गोळा करून वाळवून जाळावी. जमिनीत राहिलेले बी पुढील काही वर्षे उगवत राहते, म्हणून एका वर्षी साफ करून थांबल्यास उपयोग होत नाही. शाळांनी हे काम श्रमदानाच्या एखाद्या ठरलेल्या दिवसाला जोडून घेतले, तर त्याची आठवण वेगळी ठेवावी लागणार नाही.

रिमच्या बाजूने होणारे पंक्चर

छिद्र आतल्या अंगाला आढळले तर टायर बाजूला ठेवून रिम तपासावी. स्पोक रिमला जखडून ठेवणाऱ्या छोट्या नटांची, म्हणजे निपलची, टोके ट्यूबला लागू नयेत म्हणून रिमवर एक पट्टी असते. ती जुनी होऊन सरकते, आखडते किंवा मधेच तुटते आणि एखादे निपल उघडे पडते. चाकाचा आऊट काढल्यानंतर, म्हणजे वाकडे फिरणारे चाक स्पोक ताणून सरळ केल्यानंतर, ताणलेल्या स्पोकचे टोक निपलच्या बाहेर डोकावू शकते. ते कानशीने घासून सपाट केले नाही तर ट्यूब टिकणार नाही. चाक बांधून आणल्यानंतर काही दिवसांत पंक्चर होऊ लागले, तर संशय प्रथम येथेच घ्यावा. लोखंडी रिमला आतून गंज चढतो आणि त्याच्या खपल्या धारदार होतात. त्या खरखरीत कागदाने घासून, कोरड्या कापडाने पुसून मगच पट्टी बसवावी. पट्टी नवी घेणे उत्तम. ती मिळत नसेल तर जुन्या ट्यूबची अखंड कापलेली पट्टी चालते, मात्र ती निपलच्या ओळीपेक्षा रुंद असावी आणि व्हॉल्व्हचे छिद्र नेमके जुळावे.

व्हॉल्व्हच्या छिद्राच्या कडेलाही धार असू शकते. गोल कानस एकदा फिरवली की ती जाते. व्हॉल्व्ह चाकाच्या मध्याकडे सरळ उभा आहे की तिरका झाला आहे, हे जाता-येता पाहत राहावे. कमी हवेत सायकल चालवली आणि ब्रेक जोरात लागला की टायर ट्यूबला ओढत रिमवरून सरकतो, आणि तिरका झालेला व्हॉल्व्ह बुडाशी फाटतो. अशा ठिकाणी ठिगळ लागत नाही, ट्यूबच बदलावी लागते. व्हॉल्व्ह तिरका दिसताच हवा सोडून टायर हाताने परत जागेवर फिरवला तर ट्यूब वाचते.

टायर केव्हा बदलावा आणि कसा बसवावा

मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर झिजतो. त्याची नक्षी पुसून मधला भाग सपाट झाला, बाजूंना चिरा पडल्या किंवा कोठेही दोरे दिसू लागले, की त्यात ठिगळावर ठिगळ लावत राहणे म्हणजे नव्या टायरचे पैसे हप्त्याने पंक्चरवाल्याला देणे आहे. मागचा टायर बाद झाल्यावर पुढचा चांगला टायर मागे आणि नवा टायर पुढे बसवावा. पुढचे चाक अचानक बसले तर माणूस पडतो, म्हणून भरवशाचा टायर पुढेच असावा.

टायर घेताना त्याच्या बाजूवरील आकडे रिमशी जुळवून घ्यावेत. २८ × १½ च्या टायरवर ४०-६३५ आणि २६ × १⅜ च्या टायरवर ३७-५९० असे आकडे आढळतात. यांतील दुसरा आकडा टायर जेथे बसतो त्या रिमच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये असतो. केवळ ‘२६ इंची’ म्हणून मागितल्यास वेगळ्याच व्यासाचा टायर हाती पडू शकतो, कारण जाड टायरच्या २६ इंची सायकलीचा तोच आकडा ५५९ असतो.

बसवताना होणारी पंक्चर ही सर्वांत वाईट, कारण ती पूर्णपणे आपल्या हातांनी होतात. पहिली काळजी ही की ट्यूब अगदी सपाट असताना टायरमध्ये घालू नये. तिला गोल आकार येईल एवढी किंचित हवा भरावी, म्हणजे ती मुडपत नाही. ट्यूब आणि टायरमध्ये साधी पावडर शिंपडली तर दोन्ही एकमेकांना चिकटत नाहीत. टायर व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून चढवायला सुरुवात करावी आणि व्हॉल्व्हपाशी संपवावी; शेवटचा घट्ट भाग दोन्ही तळहातांनी ढकलावा. तेथे स्क्रू ड्रायव्हर घालण्याचा मोह टाळावा, कारण त्याचे टोक ट्यूबला रिमशी दाबून कापते. हाताने नाहीच जमले तर प्लास्टिकची चपटी पट्टी वापरावी. टायर चढल्यावर व्हॉल्व्ह एकदा आत दाबून पुन्हा ओढावा आणि दोन्ही बाजूंनी टायर चिमटीत धरून, चाकभर फिरून, ट्यूब कोठे कडेखाली अडकली नाही ना हे पाहावे. थोडी हवा भरून चाक फिरवावे. टायरची कड सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली तरच उरलेली हवा भरावी.

ठिगळाबाबत एवढेच सांगतो, की जागा कोरडी असावी, ती नीट घासलेली असावी आणि सोल्यूशन लावल्यावर ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे. ओल्या सोल्यूशनवर घाईने दाबलेले ठिगळ उन्हात सुटते.

जास्तीचे संरक्षण

वरील सर्व केल्यानंतरच बाजारातील उपायांकडे वळावे. जुनी ट्यूब मधोमध चिरून टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालण्याची जुनी युक्ती सराट्यासाठी खरोखर उपयोगी पडते. बाभळीपुढे तिचा टिकाव लागत नाही. तिच्या कडा पातळ असाव्यात आणि टोके एकमेकांवर जाड चढू नयेत, नाहीतर घासून तीच ट्यूबला भोक पाडते. विकतच्या प्लास्टिक पट्ट्यांनाही हाच नियम लागू आहे. त्यांची टोके गोल कापून त्यावर कापडी चिकटपट्टी लावावी.

ट्यूबमध्ये घालण्याचे द्रव जेल लहान छिद्रे आपोआप बुजवते आणि सराट्याच्या मुलखात त्याने फरक पडतो. मात्र ते खड्ड्यातील चिमट्याने झालेल्या चिरा बुजवत नाही, आपल्याकडील उष्णतेत काही महिन्यांत सुकते, साध्या व्हॉल्व्हची रबरी नळी चिकटवून टाकते आणि पुढे ठिगळ लावायची वेळ आली तर ती जागा स्वच्छ करणे अवघड होते. मी ते दुसऱ्या पसंतीचा उपाय मानतो.

माझी पहिली पसंती जाड, आतून संरक्षक पट्टा असलेल्या टायरला आहे. काही टायरमध्ये हा पट्टा केव्हलरसारख्या धाग्यांचा असतो. हा धागा १९६५ साली ड्यूपॉन्ट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून निघाला. दुसऱ्या प्रकारात नक्षीखाली लवचीक रबराचा जाड थर असतो. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये तो ५ मिलिमीटरचा आहे. असे टायर जड आणि महाग असतात आणि सर्व जुन्या आकारांत मिळत नाहीत. रोज लांबचा प्रवास असणाऱ्याने तो खर्च करावा. शाळकरी सायकलसाठी चांगल्या जाडीचा देशी टायर आणि नियमित हवा पुरते.

भरीव रबराचे टायर पंक्चर होत नाहीत हे खरे. बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलप यांनी १८८७ मध्ये हवेचा टायर तयार केला तो भरीव टायरचे हादरे असह्य होते म्हणूनच, आणि ते हादरे आजही तेवढेच असतात. खडीच्या रस्त्यावर ते स्वाराच्या मनगटांना, पाठीला आणि स्पोकना सोसावे लागतात. लहान मुलीला रोज पाच किलोमीटर अशा सायकलवर पाठवावे असे मी म्हणणार नाही.

चालवताना

डांबरी रस्त्याच्या अगदी कडेला मोटारींच्या चाकांनी उडालेली काच, तारा आणि खडी गोळा होते. कडेपासून दोन-तीन फूट आत, वाहनांना स्पष्ट दिसेल असे आणि एका रेषेत चालवावे. ते टायरसाठी चांगले आहेच, शिवाय कडेच्या खचलेल्या भागात चाक जाऊन पडण्याचा धोकाही टळतो. आपल्याकडील काळ्या पाषाणाची ताजी फोडलेली खडी धारदार असते, म्हणून काम सुरू असलेल्या रस्त्यावर वेग कमी करावा किंवा उतरून सायकल हाताने न्यावी. खड्डा टाळता येत नसेल तर पेडल मारणे थांबवून सीटवरून किंचित उठावे आणि गुडघे वाकवावेत, म्हणजे मागच्या रिमवर शरीराचा सगळा भार आदळत नाही. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे दिसत नाही, त्यामुळे त्याला वळसाच घालावा. हवा गेलेल्या चाकावर बसून सायकल पुढे दामटू नये. एका छिद्रासाठी लागणारे ठिगळ वाचवण्याच्या नादात ट्यूब, टायर आणि रिम तिन्ही जातात.

काटा रुतलेला दिसला आणि हवा टिकून असेल, जवळ दुरुस्तीचे सामान नसेल आणि दुकान दोन-चार मिनिटांच्या अंतरावर असेल, तर तो तसाच ठेवून सावकाश जावे, कारण काढताच हवा जाते. अंतर अधिक असेल तर लांब काटा आत फिरून ट्यूबच्या दुसऱ्या अंगालाही टोचतो. तेव्हा तो काढून सायकल चालत नेलेली बरी.

सोबत ठेवायचे सामान थोडे असावे: ठिगळे, सोल्यूशनची नळी, खरखरीत कागद, टायर उतरवण्या-चढवण्याच्या प्लास्टिकच्या दोन चपट्या पट्ट्या, व्हॉल्व्हच्या दोन-तीन रबरी नळ्या आणि लहान पंप. एकदा उघडलेली सोल्यूशनची नळी काही महिन्यांत आतच सुकते, म्हणून ती दर सहा महिन्यांनी दाबून पाहावी. प्रत्येक मुलीजवळ एवढे सामान असणे शक्य नसेल, तर एक संच आणि एक उभा पंप शाळेत, शिपायाच्या खोलीत किंवा प्रयोगशाळेत ठेवावा आणि आठवी-नववीच्या मुलामुलींना टायर उतरवून पुन्हा चढवण्याचे शिक्षण एका दुपारी द्यावे. जादा ट्यूब ठेवणार असल्यास ती पावडर लावून, कापडात गुंडाळून ठेवावी. पिशवीत हत्यारांना घासत पडलेली ट्यूब वापरण्याआधीच फाटते.